आम्ही परत केलेलं केशरी कार्ड

तुमच्या घरातलं रेशनकार्ड कोणत्या रंगाचं आहे, त्यावर कोणाकोणाची नावं आहेत, आणि ते आत्ता कुठं ठेवलंय?

तिन्ही उत्तरं न अडखळता देता आली, तर तुमच्या घरात एक शहाणं माणूस आहे. बहुतेक ती तुमची आई असेल. आमच्याही घरात ती होती. आम्ही तिचं ऐकलं नाही. मला कर्करोग झाला तेव्हा तो बरा होणारा आहे हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी मी मरता मरता वाचले, आणि त्यात रोगाचा वाटा थोडा होता. बाकीचा वाटा एका कागदाचा होता, आणि तो कागद मी लिहिला होता.

पत्रक

आम्ही बजाजनगरात राहतो. वडील, ज्यांना मी अण्णा म्हणते, वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका लहान कारखान्यात ऑपरेटर होते. मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणारा कारखाना. अण्णा कामगारांच्या मागण्यांची पत्रकं लिहायचे. पातळ कागद, लाल शाई, खाली "वाचा आणि पुढे द्या". मी बाराखडी त्या पत्रकांवर शिकले. सुट्टीच्या दिवशी अण्णा मला गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर न्यायचे आणि बाकड्यावर उभं करून नवं पत्रक मोठ्यानं वाचायला लावायचे. माणसं चहा थांबवून ऐकायची. तेव्हापासून माझा समज झाला की छापलेलं वाक्य म्हणजे खरं वाक्य.

एकोणीस वर्षांची असताना मी स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं. दुष्काळाचं वर्ष होतं. आजोळी, देवगाव रंगारीला, रेशन दुकानासमोर उन्हात बसलेल्या बाया मी बघून आले होते. इकडं आमच्या गल्लीत पगारी माणसं मोटारसायकलवर गव्हाची गोणी आडवी टाकून नेत होती. मी पेटले. पत्रकाचं नाव होतं, "पगारदारांनो, दुसऱ्याचा घास सोडा". त्यात शेजारच्या शोभाकाकूंचं नाव घेतलं नव्हतं. पण "दारात दोन गाड्या असून पिशवी घेऊन रांगेत उभी राहणारी बाई" कोण, ते सगळ्या गल्लीला कळलं. त्यांनी वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं.

पत्रकाच्या खाली मी अर्जाचा नमुनाही दिला होता. त्याचं शेवटचं वाक्य असं: "आमच्या कुटुंबाला शासनाच्या मदतीची गरज नाही आणि भविष्यातही लागणार नाही."

आमच्या गल्लीतून एकच केशरी कार्ड परत गेलं. आमचं.

आई धनगराच्या घरची. शाळा दुसरीपर्यंत. ती म्हणाली, "गहू नको तर नका आणू. पण कार्ड कशाला द्यायचं? ते काय चारा खातं का घरात?"

अण्णा म्हणाले, "अगं, नुसतं धान्य सोडलं आणि कार्ड ठेवलं, तर लोक म्हणतील ह्यांचं एक पाऊल दारातच आहे."

"असू द्या की एक पाऊल दारात. चांगल्या सालातच मेंढका वाईट सालाची सोय बघतो."

आम्ही हसलो. मी जरा जास्तच. अर्ज मी सुंदर अक्षरात लिहिला, अण्णांनी सही केली, आणि आम्ही बापलेक त्याच्या बदल्यात मिळालेलं पांढरं कार्ड घेऊन ताठ मानेनं घरी आलो.

गाठ

चार वर्षांनी माझ्या मानेत गाठ आली. सुपारीएवढी, न दुखणारी. संध्याकाळचा ताप, अंगभर खाज, कपडे सैल. गल्लीतल्या डॉक्टरांनी क्षयाच्या गोळ्या दिल्या. दोन महिन्यांत सुपारीचं लिंबू झालं.

मग शहरातला मोठा दवाखाना. त्याचं नाव लिहीत नाही, कारण यातलं काहीच त्या एका दवाखान्याचं नाही. गाठीचा तुकडा काढला. रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर बाईंनी सरळ सांगितलं. लसिकाग्रंथींचा कर्करोग आहे, बारा डोस, दर पंधरा दिवसांनी एक. "कर्करोगात निवडायला सांगितलं असतं तर मी हाच निवडला असता," त्या म्हणाल्या. "फक्त एकही डोस चुकवायचा नाही."

अण्णांनी विचारलं, "चुकला तर?"

"चुकवायचा नाही," त्या पुन्हा म्हणाल्या.

खाली योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र बसायचा. नाव मोठं गोड आहे. सरकारी योजनेतून उपचार मोफत कसे होतील ते बघणारा हा माणूस. त्यानं हात पुढं केला. आम्ही कार्ड दिलं. त्यानं ते उलटून पालटून बघितलं आणि परत दिलं.

"पांढरं चालत नाही. पिवळं नाहीतर केशरी."

"केशरी होतं," मी म्हणाले. "आम्ही परत केलं."

"हरवलं म्हणायचंय का?"

"परत केलं."

तो माझ्याकडं बघत राहिला. असा माणूस त्याच्या टेबलावर पहिल्यांदाच आला असावा. "का?" त्यानं विचारलं. खरंच उत्सुकतेनं. अण्णांनी कार्ड खिशात ठेवलं. मागं रांग होती, त्यानं पुढच्याला हाक मारली.

आणि अण्णांचा पगार? त्या वर्षी पुन्हा दुष्काळ होता, उन्हाळ्यात उद्योगांचं पाणी कापलं होतं. मोठ्या कंपनीनं ऑर्डर कमी केली, आमच्या लहान कारखान्यानं आधी एक पाळी बंद केली, मग दुसरी, मग गेटला कुलूप. माझा रिपोर्ट आला तेव्हा अण्णा तीन महिने घरी होते.

मेंढ्या

आईला रुपयात विचार करता येत नाही. तिचा हिशेब जनावरांचा. लग्नात तिच्या बापानं तिला पाच मेंढ्या आंदण दिल्या होत्या. त्या माहेरच्या कळपातच राहिल्या, कानाला वेगळी कात्रण मारून. सखामामा, म्हणजे तिचा भाऊ, त्या राखायचा. चोवीस वर्षांत पाचाच्या तीसेक झाल्या होत्या. माझं बारावीचं क्लासचं वर्ष म्हणजे चार मेंढ्या. फ्रीज म्हणजे दोन मेंढ्या.

पहिल्या डोसाला तिनं मामाला फोन केला. "सख्या, तीन काढ."

दुष्काळात बाजार कसा चालतो ते ज्यांनी बघितलं नाही त्यांनी ऐकावं. चारा नाही म्हणून सगळेच विकायला काढतात. सगळेच विकतात म्हणून भाव पडतो. गाई-म्हशींना चारा छावणी होती, मेंढरांना आमच्या भागात तीही नव्हती. औषधाच्या बाटलीला मात्र दुष्काळ ठाऊक नसतो. दुसरा डोस चार मेंढ्यांचा झाला. तिसरा पाच. पाचवा आठ मेंढ्यांचा. औषध तेच, बाटली तीच.

मामा फोनवर म्हणाला, "अक्का, हाडं विकतोय आपण. व्यापारी कातडं धरून उचलून बघतो."

"इक," आई म्हणाली. "पोरीचं पण कातडंच राह्यलंय."

मी शेजारी पडून ऐकत होते. हे ती मला ऐकू जावं म्हणून बोलली नव्हती. ऐकू जाऊ नये म्हणूनही नव्हती. उघड्यावर राहणाऱ्या माणसांना आवाज कमी करायची सवय नसते.

डोसाचा दिवस

जे यातून जाणार आहेत त्यांच्यासाठी थोडं लिहिते.

सकाळी रक्त तपासतात. पेशी कमी असल्या तर परत पाठवतात, आणि रिक्षाचं भाडं वाया गेल्याचं दुःख कर्करोगाच्या दुःखापेक्षा मोठं वाटतं. यात लाज वाटून घेऊ नका. एक औषध लाल असतं. ते शिरेत जाताना हात गार पडतो आणि नंतर लघवी लाल होते. घाबरू नका. शिरा दोऱ्यासारख्या कडक होतात. आमच्या वॉर्डातली एक सिस्टर गरम पाण्याची बाटली आधी दहा मिनिटं हातावर धरून ठेवायची, मग शीर पटकन सापडायची. तिनं हे कुणाला सांगितलं नाही, कुणी तिला सांगितलं नव्हतं. नाव विचारलं तर म्हणाली, "सिस्टरच म्हण." घरून गरम पाण्याची बाटली न्या.

घरी नळाला आठवड्यातून एकदा पाणी. आणि डोसानंतर ओकारीचे चार दिवस. दोन्हींचं गणित जुळत नाही. शोभाकाकूंनी न बोलता आमच्या दारात रोज एक भरलेली कळशी ठेवायला सुरुवात केली. त्यांच्या दारात दोन गाड्या होत्या, त्या टँकरच्या मागं जाऊन पाणी आणू शकत होत्या. पत्रकात लिहिलेल्या त्याच दोन गाड्या.

केस गेले. ते परत येतात. त्यावर एवढंच.

तुमचंच अक्षर

पाचव्या डोसानंतर आईच्या कात्रणीची फक्त तीन जनावरं उरली, तीही गाभण. मामाच्या स्वतःच्या निम्म्या गेल्या होत्या. त्याला तीन पोरं होती. आईनं त्याच्याकडं मागितलं नाही.

मग अण्णा आणि मी पुरवठा कार्यालयात गेलो. केशरी कार्ड परत द्या म्हणून. खिडकीत बसलेल्या बाबूनं उत्पन्नाचा दाखला मागितला. तो मागच्या आर्थिक वर्षाचा लागतो. मागच्या वर्षी अण्णांना पूर्ण पगार होता. आज घरात काही नाही, हे ऐकायला त्या खिडकीत कान नव्हता. सरकार माणसाला मागच्या वर्षाच्या डोळ्यांनी बघतं. मागच्या वर्षी मी बरी होते, मागच्या वर्षी कारखाना चालू होता. मी मागच्या वर्षीच आजारी पडायला हवं होतं.

मी आवाज चढवला. बाबू शांतपणे उठला आणि आतून फाईल घेऊन आला. आमचा अर्ज. त्याला माझं पत्रक टाचलेलं. मीच टाचलं होतं, साहेबांनी वाचावं म्हणून.

त्यानं वाचलं, खिडकीसमोरच्या सगळ्यांना ऐकू येईल असं. "गरज नाही आणि भविष्यातही लागणार नाही." मग चष्मा वर केला. "सही तुमच्या वडिलांची. अक्षर कुणाचं?"

"माझं."

"चांगलं आहे," तो म्हणाला. "आमच्याकडं असं अक्षर कुणाचं येत नाही. एप्रिलमध्ये या."

एप्रिलला पाच महिने होते.

सहावा डोस चुकला. सातवा चुकला. सातव्याच्या आठवड्यात आंघोळ करताना मानेवर हात गेला आणि मला ती पुन्हा सापडली. सुपारी. मी आईला दोन दिवस सांगितलं नाही. सांगितल्यावर तिनं त्याच दिवशी दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टर बाई म्हणाल्या, "मागचे पाच विसरा. पहिल्यापासून." पाच डोस म्हणजे पंचवीस-सव्वीस मेंढ्या, विसरा म्हणाल्या. त्यांचं चुकलं नव्हतं.

टाकलं लिव्हा

वाट शोभाकाकूंनी दाखवली. त्या पत्रकानंतर पहिल्यांदा आमच्या घरात आल्या, चहाला नाही म्हणाल्या, आणि मुद्द्याचं बोलल्या.

"नवऱ्यानं टाकलेल्या बाईला वेगळं पिवळं कार्ड भेटतं, नवऱ्याचा पगार त्यात धरत नाय. पोरीचं नाव तिच्याखाली लागतं. ग्रामपंचायतीचा दाखला, शेजाऱ्यांचा पंचनामा, एक प्रतिज्ञापत्र. महिना लागंल. पण इन्स्पेक्टर घर बघायला आला तर ह्यांनी घरात दिसायला नको."

अण्णा म्हणाले, "म्हणजे खोटं लिहून द्यायचं."

"व्हय," काकू म्हणाल्या. "खरं लिहून दिलं व्हतं ना एकदा. काय भेटलं?"

काकू गेल्या. अण्णांनी आयुष्यात एकही खोटी हजेरी लावली नव्हती. दुसऱ्याचं हजेरीचं कार्ड पंच करून देणाऱ्यांवर त्यांनी पत्रक काढलं होतं. आईनं कोरा कागद आणि पेन त्यांच्यासमोर ठेवलं. तिला सहीपुरतंच लिहिता येत होतं. माझा हात सुयांनी आखडलेला. लिहिणारं घरात दुसरं कुणी नव्हतं.

म्हणून माझ्या वडिलांनी स्वतःच्या हातानं, आईच्या तोंडचं लिहिलं. "मी खाली सही करणार..." इथपर्यंत पेन सरळ चाललं. मग थांबलं.

"सोडून गेला लिहू का टाकून दिलं लिहू?" त्यांनी खाली बघूनच विचारलं.

"टाकलं लिव्हा," आई म्हणाली. "सोडून गेला म्हणलं की येईल परत, असं वाटतं वाचणाऱ्याला."

त्यांनी टाकलं लिहिलं. शुद्धलेखन तपासलं. आईनं सही केली. दुसऱ्या दिवशी अण्णा एक पिशवी घेऊन मामाच्या कळपावर निघून गेले. पन्नाशीचा ऑपरेटर, ज्याला मेंढी कुठून धरायची हे माहीत नव्हतं. मामा त्यांना भाकरी देई आणि उरलेली मेंढरं वळायला लावी.

इन्स्पेक्टर तीन आठवड्यांनी आला. दारात अण्णांच्या चपला राहिल्या होत्या. मोठ्या, टाचेला झिजलेल्या. आई आतून बघत उभी राहिली. शोभाकाकू पंचनाम्याला म्हणून आल्याच होत्या. बोलता बोलता त्यांनी त्या चपला पायात घातल्या.

"नाय साहेब, वरीस झालं त्यानं तोंड दाखवलं नाय. लई वाईट माणूस. पोरगी मरायला टेकली, इचारलं सुद्धा नाय." असं म्हणत त्या फटाक फटाक चपला वाजवत स्वतःच्या घरी गेल्या.

संध्याकाळी चपला परत आणून दिल्या. मला म्हणाल्या, "आता काढ माझ्यावर पत्रक."

उरलेलं

पिवळं कार्ड आलं. आरोग्यमित्रानं ते घेतलं, शिक्का मारला, काही विचारलं नाही. पहिल्यापासून बारा डोस झाले. एकही चुकला नाही. शेवटच्या तपासणीत काही सापडलं नाही. डॉक्टर बाई हसल्या. मी बरी झाले. हे लिहिताना केस खांद्यापर्यंत आलेत.

शेवटचा डोस झाल्यावर अण्णा घरी यायला निघाले होते. बसमधून उतरून आधी गेटसमोरच्या टपरीवर गेले. सवयीनं. जुने सोबती बसले होते. गल्लीत पंचनाम्याची बातमी कधीच फिरली होती. त्यांच्यातला एक, ज्याच्या निलंबनाविरुद्ध अण्णांनी उपोषण केलं होतं, म्हणाला, "आजारी पोरीला टाकून मेंढरं राखायला गेलास. आणि आम्हाला माणुसकी शिकवायचास रे तू."

अण्णा खरं सांगू शकले असते. सांगितलं असतं तर टपरीवरून रेशन दुकानात, तिथून पुरवठा कार्यालयात गेलं असतं. माझ्या पुढच्या तपासण्या त्याच कार्डावर होत्या. त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि पुढच्या बसनं परत गेले. घरापर्यंत आलेच नाहीत. हे मला शोभाकाकूंकडून कळलं.

त्याला दोन वर्षं झाली. आई महिन्यातून एकदा देवगावच्या बाजाराला जाते. तिथं अण्णा मामाबरोबर येतात. नवरा-बायको बाजारात भेटतात, ओळखीचं माणूस दिसलं की लांब उभे राहतात. अण्णांना आता मेंढी धरता येते, आई सांगते. पत्रक वाचायला दिलं तर घडी करून खिशात ठेवतात.

हे छापून आल्यावर ते कार्ड जाऊ शकतं, हे मला ठाऊक आहे. आता त्या योजनेत कार्डाचा रंग विचारत नाहीत असं म्हणतात, पण म्हणण्यावर मी जात नाही. मी आईला विचारलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "कार्डानं तू आली. आता तुझ्या बापाला आणायला काय लागतंय ते लिव्ह."

म्हणून दोन गोष्टी मागते.

पहिली, जो कोणी हे वाचतोय त्याला. आज कार्ड काढा. सगळ्यांची नावं बघा, जन्मलेल्यांची, लग्न होऊन आलेल्यांची. नसतील तर लावून घ्या, माणूस बरा असतानाच. धान्य नको असेल तर धान्य सोडा, कार्ड सोडू नका. आणि "भविष्यातही" हा शब्द कुठल्याही अर्जावर लिहू नका. तो लिहायचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरी, वाळूजच्या पट्ट्यात कामाला जाणाऱ्यांना. हा कागद गेटसमोरच्या टपरीवर न्या. बाकड्यावर कुणाला तरी उभं करा. सगळं वाचायला वेळ नसेल तर एकच वाक्य वाचा, पण चहा थांबेल इतक्या मोठ्यानं वाचा: माझ्या वडिलांनी आम्हाला टाकलं नव्हतं.